पहिली पाळी खालच्या पट्टीला

माझ्या पहिल्या नोकरीच्या गावी मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहिलो, त्या माणसाला हळू बोलता यायचं नाही. नुसतं मोठ्यानं बोलणं आम्हा कोल्हापूरच्या लोकांना नवं नाही. माझं लहानपण शाहूपुरीत गेलं. तिथं दोन माणसं प्रेमानं बोलत असली तरी परगावच्याला वाटतं, भांडण जुंपलंय. पण मालकांचं प्रकरण वेगळं होतं. त्यांना कुणाला काही गुपित सांगायचं असलं, की ते आधी इकडंतिकडं बघायचे, मग पुढच्याचा दंड धरून त्याला कोपऱ्यात न्यायचे, तोंडाला हाताचा आडोसा करायचे, आणि मग पलीकडच्या गल्लीतली म्हातारी दारात येऊन उभी राहील एवढ्या आवाजात ते गुपित सांगायचे. माझं लग्न ठरल्याची गोष्ट मी त्यांना सकाळी खाजगीत सांगितली होती. दुपारी शाळेत गेलो तर पोरं पेढे मागायला लागली.

मी त्यांना मालक म्हणायचो आणि ते मला मास्तर. गावही त्यांना मालकच म्हणायचं. पाणीपुरवठा संस्थेचे ते चेअरमन होते, पण चेअरमन म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "चेअरमन खुर्चीत बसतोय," ते म्हणायचे, "आमी पाटात हुबं ऱ्हातो."

त्यांचे कान इंजिनानं नेले होते. गावात वीज यायच्या आधी नदीकाठावर डिझेलचं इंजिन बसवून माळाकडच्या रानात पाणी चढवणारे मालक आणि त्यांचा धाकटा भाऊ हे गावातले पहिले. पंचगंगा गावाला वळसा घालून जाते, पण ती खोल. तिचं पाणी बघायला भरपूर आणि रान मात्र वर कोरडं. त्या दोघांनी इंजिन आणलं तेव्हा म्हणे अर्धं गाव काठावर जमलं होतं आणि पाइपातून पाणी पडल्यावर म्हाताऱ्यांनी पाटाला नमस्कार केला होता. ते इंजिन मधेच बंद पडेल या धास्तीनं मालक दिवसभर त्याच्या शेजारी बसून राहायचे. त्या आवाजात जेवायचे, त्या आवाजात दुपारी पडायचे. काही वर्षांत त्यांना माणसांचं बोलणं ऐकू येईना. इंजिनाचा आवाज जरा बदलला तर मात्र लगेच कळायचा.

मी राहायला गेलो तेव्हा ते इंजिन त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात होतं. वीज आलेली, संस्थेच्या मोठ्या मोटरी बसलेल्या, त्यामुळं इंजिनाला काम नव्हतं. तरी मालक त्याला दर अमावस्येला तेलपाणी करायचे आणि खंडेनवमीला हळदकुंकू वाहायचे. पाहुणा आला की आधी इंजिनाजवळ बसवायचे आणि तांब्याभर पाणी द्यायचे. अर्धा तांब्या पिऊन ठेवून दिला तर चालायचं नाही. समोर उभे राहून ते म्हणायचे, "संपवा. पानी टाकायचं नसतंय." मला तहान नसताना तांब्या रिकामा करायची सवय त्या घरात लागली. ती अजून गेलेली नाही.

मालक कधी चप्पल घालायचे नाहीत. रानात तर नाहीच, पण कोल्हापूरला जातानाही नाही. कुणाच्याही शेतात त्यांना कुणी बोलवायची गरज नसे. बांध ओलांडून सरळ सरीत उतरायचे, पाय दाबून बघायचे, चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवायचे आणि निकाल द्यायचे. "ह्यात गेल्या साली भुईमूग हुता." "तुझं रान उद्या सांजंपतुर दम धरतंय." यातलं निम्मं चुकायचं. पण ते अशा ठसक्यात सांगायचे, की ज्याचं रान तोच घरी जाऊन आपण गेल्या साली काय पेरलं होतं ते बायकोला विचारायचा.

मी हिंदी शिकवणारा माणूस. पाणी नळाला येतं एवढंच मला ठाऊक. त्यांनी मला हाताला धरून सगळं रान दाखवलं. मोटर, चेंबर, पाट, कुठून बारं फोडायचं, कुठं बंद करायचं. पाटातलं पाणी शेतात घ्यायला बांधाला जी वाट फोडतात तिला बारं म्हणतात, हे मी त्यांच्याकडून शिकलो. ते दाखवत असताना त्यांच्या तोंडावर जे दिसायचं ते मी नंतर फक्त देवळात उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडावर पाहिलं. पण चालत चालत आम्ही उताराच्या टोकाला आलो, की ते वरच्या बांधावर थांबायचे. खाली एक लांबट काळ्या मातीचा तुकडा होता. त्याला खालची पट्टी म्हणायचे. तिकडं हात करून ते म्हणायचे, "ही आमच्या धाकल्याची." आणि मागं फिरायचे. खालच्या पट्टीत मी त्यांना कधी पाय ठेवताना बघितलं नाही. दुसऱ्याच्या रानात न विचारता घुसणारा हा माणूस त्या एका तुकड्याच्या कडेला उभा राहून तोंड फिरवायचा.

त्याचं कारण मला मालकीणबाईंनी सांगितलं. एका पावसाळ्यात गावात उघडीप असताना वर घाटातल्या पावसानं नदी एकदम वाढली. इंजिन काठावर होतं. दरवर्षी पूर यायच्या आधी ते बैल लावून वर ओढून घ्यायचे. त्या वर्षी मालक म्हणाले, आणखी एक दिवस चालू दे, तंबाखूला एक पाणी हवं आहे. दुसऱ्या दिवशी पाणी इंजिनाच्या चाकांना लागलं. दोघं भाऊ दोर लावून ते वर काढत होते. धाकटा खालच्या बाजूनं रेटत होता. चिखलात इंजिन सरकलं. मालक वरून ओरडत होते, धाकटाही ओरडत असणार, पण मालकांना तो काय म्हणतोय ते ऐकू गेलं नाही. इंजिन वर आलं. भाऊ खाली राहिला.

त्या धाकट्याची बायको शेजारच्याच खणात वेगळी राहायची. मी तिला वहिनी म्हणायचो, गाव तिला धाकली म्हणायचं. मूलबाळ नव्हतं. खालची पट्टी, एक म्हैस आणि दोन खोल्या एवढा तिचा संसार. हात कामाला घट्ट, आवाज मात्र इतका बारीक की समोर उभं राहून ऐकावं लागायचं. ज्या सोप्यात ते इंजिन होतं तिथं ती कधी आली नाही. काही सांगायचं असलं तर मागच्या बाजूनं गोठ्यात यायची.

आणि सांगायचं ते ती तिथल्या मालकांच्या म्हशीला सांगायची. थोरल्या दिरासमोर सुनेनं तोंड वर करून बोलायचं नाही, ही रीत तेव्हा खेड्यात घट्ट होती. दीर घरात आहे असं कळलं की पदर पुढं ओढायचा आणि जे काय असेल ते भिंतीला, जनावराला, नाहीतर चुलीला सांगायचं. ज्याला ऐकायचंय तो ऐकतो. सगळ्या घरांत हे चालायचं आणि चालून जायचं, कारण सगळ्या घरांत थोरल्या दिराला कान असायचे. मालकांना ते नव्हते. त्यांच्याशी बोलायचं तर तोंड कानाला लावून बोंब मारावी लागे, आणि धाकली ते सात जन्मांत करणार नव्हती.

मालकांनी भावासाठी एकच गोष्ट केली, पण ती मोडली नाही. संस्थेचं पाणी पाळीनं मिळायचं. आज ह्याची पाळी, उद्या त्याची, सगळं रान फिरून पुन्हा पहिल्यापासून. मालकांनी नियम घालून दिला: पहिली पाळी खालच्या पट्टीला. वरचं रान वाळत असलं तरी चालेल. त्यातून त्यांची स्वतःची पाळी आली की तीसुद्धा अर्धी खाली सोडायचे. पाणीपट्टी एकरावर ठरलेली, पाणी किती घेतलं ते कुणी मोजत नव्हतं, त्यामुळं सगळेच ऊस तुंबवायचे. पण खालच्या पट्टीइतकं पाणी दुसरं कुठलंच रान पीत नव्हतं. वर बांधावर उभे राहून ते पाणी खाली जाताना बघायचे आणि तिथूनच कुणालाही ऐकू जाईल असं म्हणायचे, "घे रं बाबा. पी."

मी गेलो त्या वर्षी खालच्या पट्टीतला ऊस माणसाच्या वर होता. नंतर तो कमी होत गेला. मला त्यातलं कळत नव्हतं, पण पानांची टोकं करपलेली मलाही दिसायची. मालकांनाही वरून दिसायची. त्यांनी त्याचा एकच अर्थ लावला. "तहानलंय," ते म्हणाले, "बगा मास्तर, कसं सुकलंय." आणि पाणी वाढवलं.

एका सकाळी मी मागं दात घासत होतो. वहिनी गोठ्यात आल्या, पदर पुढं घेतला आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "मोठ्या घरी म्हनावं, पानी लई झालंय. मुळ्या कुजाय लागल्यात. खालनं पांढरं फुटाय लागलंय. दोन पाळ्या ऱ्हाऊ द्या म्हनावं आमच्या." मालक पलीकडं कडबा टाकत होते. त्यांनी वहिनींना बघितलं, मान हलवली, आणि बायकोकडं बघून गर्जना केली, "काय म्हनतीया?"

मालकीणबाई हातातलं शेण टाकून त्यांच्याजवळ गेल्या, त्यांचा खांदा धरून खाली वाकवला आणि कानात ओरडल्या, "पानी पोचलं म्हनतीया!"

"पोचणारच की!" मालक म्हणाले. असे खूश झाले की म्हशीला आणखी एक पेंढी टाकली.

वहिनी पदर दातात धरून निघून गेल्या. मला राहवलं नाही. मालक रानात गेल्यावर मी मालकीणबाईंना विचारलं, तुम्ही असं का सांगितलंत? शेण थापता थापता त्या म्हणाल्या, "मास्तर, भाऊ गेल्यापास्नं ह्या मानसाला एवढ्या एका कामानं झोप लागतीया. तेवढं बी काढून घिऊ व्हय?" मग म्हणाल्या, "आनि पान्यानं काय रान मरतंय? ऊस हाय, उठंल." त्यांना धाकलीचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण दोघांपैकी एकाला वाचवायचं म्हटल्यावर बायको नवऱ्याला वाचवते. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. आज येत नाही.

त्या सुमाराला शेतकी खात्याचे एक साहेब गावात आले होते. अंगानं किरकोळ, पण कामाला पक्के. त्यांनी ठिकठिकाणी लांब गिरमिटानं भोकं पाडली. खालच्या पट्टीत पाडलेल्या भोकात हाताला लागेल इतक्या वर पाणी आलं. साहेब बांधावर आले आणि म्हणाले, इथं पाणी निम्म्यावर आणा, कडेनं खोल चर काढून खालचं पाणी नदीला सोडा, नाहीतर ही जमीन काही वर्षांत जाईल. आता तुषार सिंचन आलंय, पावसासारखं पाणी पडतं, थोडक्यात भागतं, ते बघा. हे सगळं मी मालकांच्या कानात ओरडलो. माझा घसा बसला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग साहेबांना आपादमस्तक न्याहाळलं. "पानी कमी करा म्हनून सांगाय सरकार पगार देतंय व्हय?" ते म्हणाले. "आमी तीस वर्सं पानी चढवाय जीव दिला. पावनं, तुमी च्या प्या आनि जावा."

तरी त्यांच्या मनात ते राहिलं असावं. पुढच्या बाजारी मला घेऊन शाहूपुरीत आले. एका दुकानदारानं मागच्या अंगणात तुषारची नळी लावून दाखवली. वर एक पितळी तोटी गरगर फिरत होती आणि चहूकडं बारीक थेंब उडत होते. दुकानदार मोठ्या अभिमानानं बघत होता. मालक अनवाणी त्या फवाऱ्यात जाऊन उभे राहिले. धोतर भिजलं, मिशा भिजल्या. मग पायाखालची माती दाबून बघितली, पायाचा अंगठा वर करून बघितला. बाहेर येऊन म्हणाले, "मास्तर, ह्ये तर मेंढरू मुतल्यागत हाय. रानाची थट्टा कराय आलंय." दुकानात होते ते सगळे हसले. मीही हसलो. परत येताना बसमध्ये गाव जवळ आल्यावर मालक म्हणाले, "त्येला एवढंसं कसं देऊ मी? एकदा एक दिवस जास्तीचं पानी हवं म्हटलं, तवा त्यो गेला. आता कमी करू?" सगळ्या बसनं ते ऐकलं. कुणी मागं वळून बघितलं नाही.

मग मालकीणबाई गेल्या. काविळीनं, महिन्याभरात. त्यांच्याबरोबर मालकांचा घरातला कान गेला. वहिनी तरीही गोठ्यात यायच्या, म्हशीला सांगायच्या. सांगणं आता गोठ्याच्या बाहेर जात नव्हतं. एक दिवस त्यांनी मलाच गाठलं. डोळे जमिनीकडं ठेवून म्हणाल्या, "मास्तर, तेवढं तुमी सांगा की. माझ्या रानात बैल रुततोय. त्यास्नी म्हनावं, उपकार झालं, आता पुरं."

मी त्याच दिवशी सांगितलं. अगदी शब्दाला शब्द. मालकांनी मान डोलावली आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, कळलं. ते म्हणाले, "भिडंचं मानूस हाय ती. माझी पाळी जातीया म्हनून न्हाई म्हनतीया." मी पुन्हा ओरडलो, भीड नाही, रान खरंच बिघडलंय. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "तुमी शाळंचं बगा. माझा भाऊ असता तर त्यो बी असंच म्हनला असता, आदी तुजं घे. आमचं घरच तसं हाय." प्रेमानं बहिरा झालेल्या माणसाच्या कानात कितीही ओरडलं तरी तो आपल्याला हवं तेच ऐकतो. मी चिडून दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंही नाही.

त्यानंतर ते बाऱ्याचं प्रकरण झालं. पहिल्या पाळीचं पाणी सुटलं आणि खालच्या पट्टीकडं जाईना. मालक बांधावर गेले तर कुणीतरी बारं चिखलानं आणि दगडांनी चांगलं बुजवून टाकलेलं. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. पाणी चोरलं म्हणजे वरच्या कुणीतरी, आणि वरचा म्हणजे बांधाचा शेजारी. चावडीसमोर उभे राहून मालकांनी त्या बिचाऱ्याचं खानदान काढलं. "माझ्या मेलेल्या भावाच्या तोंडातलं पानी काढतोस!" शेजारी शपथा घेत होता. मालकांना एकही शपथ ऐकू जात नव्हती. दोन घरांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

मी घरी परत आलो तेव्हा वहिनी मागल्या दारात बसून हात धूत होत्या. कोपरापर्यंत काळा चिखल वाळला होता. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "मीच बुजवलं मास्तर." मग म्हणाल्या, "आता काय करायचं?" मालकांनी तोवर बारं स्वतःच्या हातानं पुन्हा फोडलं होतं आणि नुकसान भरून निघावं म्हणून त्यांची सगळीच्या सगळी पाळी खाली सोडली होती.

पुढच्या दोन वर्षांत खालच्या पट्टीत ऊस उगवेना. कारखान्याची ऊसतोड टोळी आली, बांधावरून बघून गेली. पावसाळा संपला की मातीवर पांढरा थर यायचा, चुना शिंपडल्यासारखा. गावात म्हणायचे, खार फुटला. त्यातून लव्हाळा तेवढा माजला, दाट आणि हिरवागार. वरच्या बांधावरून बघणाऱ्या मालकांना ती हिरवळ दिसायची. त्यांची नजरही तोवर कमी झाली होती. एकदा मला म्हणाले, "बगा, म्हनत नव्हतो? उठलं की रान." मी त्यांच्या कानाला तोंड लावून सांगितलं, ते गवत आहे. ते म्हणाले, "गवत उगवतंय ते रान जित्तं असतंय."

वहिनींनी म्हैस विकली. त्यांचा एक भाऊ राधानगरीकडं डोंगरात भात करायचा, तो न्यायला तयार झाला. विधवा बहिणीनं या वयात भावाच्या दारात जाऊन राहायचं म्हणजे काय, हे तिथं कुणाला सांगावं लागत नाही. रान असतं तर ती गेली नसती. तिचं सगळं अब्रूनं जगणं त्या काळ्या तुकड्यावर उभं होतं. जायच्या दिवशी सकाळी तिनं गाठोडं बांधलं आणि बस यायच्या आधी एकदा खालच्या पट्टीकडं गेली. नवऱ्याच्या रानाचा निरोप घ्यायला गेली असणार.

मी मालकांना सांगितलं. ते इंजिनाला तेल घालत होते. हातातली कुपी तशीच घेऊन ते निघाले. वाटेत ओरडत होते, "रान टाकून चालली? माझ्या भावाचं रान? काय कमी केलं म्या?" त्यांच्या आवाजानं आजूबाजूच्या रानातली माणसं कामं सोडून बांधावर आली. मी मागून धावत होतो. वरच्या बांधापर्यंत आम्ही आलो. खाली वहिनी पाठमोऱ्या उभ्या होत्या, गाठोडं पायाशी. मालक नेहमीच्या ठिकाणी थांबले. मग, का कोण जाणे, खाली उतरले.

भाऊ गेल्यानंतर त्या पट्टीत त्यांनी पहिल्यांदा पाय ठेवला. वरचा पांढरा पापुद्रा मोडला आणि पाय पोटरीपर्यंत आत गेला. त्यांनी तो वर काढला, दुसरा टाकला, तोही गेला. दोन-तीन पावलांनंतर ते थांबले आणि आपल्या पायांकडं बघत राहिले. घोट्यांवर पांढरं चिकटलं होतं. मग सगळं आयुष्य करत आले तेच त्यांनी केलं. वाकून चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

ते थुंकले. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा थुंकले. मग होते तिथंच त्या चिखलात बसले. मी आत जाऊन त्यांना धरलं, पण त्यांनी माझा हात झिडकारला.

"धाकले," ते म्हणाले. थेट तिला ते असं कधी बोलले नव्हते. आवाज नेहमीसारखाच होता, सगळ्या शिवारात जाणारा, पण मधून फाटला होता. "धाकले, का न्हाई सांगितलंस?"

वहिनींनी पदर पुढं ओढला. एवढं झाल्यावरही ओढला. त्या वळल्या नाहीत. नेहमीच्या बारीक आवाजात, समोरच्या लव्हाळ्याकडं बघत म्हणाल्या, "दर पाळीला सांगितलं की."

मालक त्यांच्या पाठीकडं बघत होते. मग माझ्याकडं वळले.

"मास्तर, काय म्हणाली?"

बांधावर माणसं उभी होती. बारं बुजवल्याचा आळ आलेला तो शेजारीही त्यांच्यात होता. मला ते सांगायचं नव्हतं. मालकीणबाईंची आठवण झाली. त्या असत्या तर काहीतरी दुसरंच सांगितलं असतं, आणि हा माणूस रात्री झोपला असता. पण वहिनींनी मान किंचित वळवून माझ्याकडं बघितलं. मी मालकांच्या कानाला तोंड लावलं आणि जोरात ओरडलो, "दर पाळीला सांगितलं, म्हणतात!"

ते सगळ्या शिवारानं ऐकलं. मालकांनी दोन्ही हातांनी कान झाकले.

त्या दिवशी पाळी सुरू व्हायची होती. नदीवरची मोटर चालू झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाटातून पाणी आलं आणि नेहमीप्रमाणं पहिल्यांदा खालच्या पट्टीत शिरलं, मालकांच्या मांडीभोवती पसरलं. ते उठले नाहीत. वहिनींनी साडी खोचली, बाऱ्याशी गेल्या आणि हातानं चिखल ओढून ते बुजवायला लागल्या, सगळ्यांदेखत, घाई न करता. पाणी थांबल्यावर त्यांनी पाटात हात धुतले, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि बांधावरच्या माणसांतून वाट काढत बसच्या रस्त्याला लागल्या.

"पानी बंद झालं का, मास्तर?" मालकांनी विचारलं. पहिल्यांदाच इतकं हळू, की मला वाकून ऐकावं लागलं.